दूरचित्रवाणीतील व्यत्यय

इसवी सन 2020 च्या पावसाळ्यात शाळांची दारे बंद होती, आणि जुलै महिन्यापासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची पाठमाला दाखविली जात होती, हे आमच्या विद्यार्थ्यांस स्मरत असेलच. त्या दिवसांत आपल्या तालुक्याच्या दक्षिण भागातील एका वस्तीवर घडलेली हकीकत एका पालकांनी आम्हांस सांगितली. मुलगी अपूर्णांकांचा पाठ पाहत बसली होती. आभाळ भरून आले, सरी कोसळू लागल्या, आणि पडद्यावरील बाईंचा चेहरा चौकोना-चौकोनांत फुटून नाहीसा झाला. वडील डोक्यावर पोते घेऊन पत्र्यावर चढले व छत्री इकडून तिकडे फिरवू लागले. पंधरा मिनिटांनी पाऊस थांबला, परंतु चित्र काही परत आले नाही. बाजारातून माहितगार मनुष्य यावयास चार दिवस लागले. पावसाने एक अर्धा पाठ नेला होता. बाकीचे चार मात्र छत्री फिरविल्यामुळे गेले.

ह्यात त्या गृहस्थांस नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, कारण आम्ही स्वतः लहानपणी हेच करीत आलो. दोष कोठे आहे हे न कळले म्हणजे मनुष्य हाताशी जे सापडेल ते पिळतो. म्हणून चित्र आपल्या घरी कोणत्या वाटेने येते व ती वाट कोठे कोठे तुटते, ह्याचा थोडा विचार येथे करू.

निवेदक ज्या दालनात बसतो तेथे कॅमेरा व ध्वनिग्राहक त्याचे रूप व शब्द विजेच्या संदेशांत पालटतात. तो संदेश भूकेंद्राच्या मोठ्या छत्रीतून वर धाडला जातो. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह असतो. पृथ्वी ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने तोही फिरत असल्यामुळे आपणांस तो एका जागी खिळल्यासारखा भासतो. तेथून संदेश खाली आपल्या छत्रीवर पडतो, तारेने पेटीत शिरतो आणि शेवटी पडद्यावर उमटतो. मंगळवेढ्याहून पाहता दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह आग्नेयेकडे, बराच उंच आहे. छत्री दोन फुटांची असली तरी तिची दृष्टी फार अरुंद असते. दोन-तीन अंशांनी, म्हणजे काठाशी बोटा-दोन बोटांनी, ती सरकली की तिला उपग्रह दिसेनासा होतो. वर सांगितलेल्या वस्तीवर झाले ते हेच.

मग पावसात चित्र का जाते? ह्या सेवेच्या लहरी फार आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. इतक्या आखूड लहरींना पावसाचे टपोरे थेंब शोषून घेतात व विखरून टाकतात. ढग सरला की लहर पुन्हा आपोआप पोहोचते. त्यात मनुष्याने करण्याजोगे काही नाही. स्वस्थ बसणे एवढेच काय ते काम, आणि ते सर्वांत कठीण.

ह्याहून नवलाचा व्यत्यय निरभ्र आकाशात येतो. वर्षातून दोनदा, आपल्याकडे मार्चच्या मध्याच्या सुमारास व ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही ओकत असतो. त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो आणि दुपारच्या आधी काही मिनिटे चित्र बिघडते. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी पुन्हा तेच. ज्या विद्यार्थ्यांस भूगोलात संपाताचे दिवस पाठ करण्याचा कंटाळा येतो, त्यांनी हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

आमच्या बालपणी छत्र्या नव्हत्या. लांब नळीवर चढविलेला अँटेना दूरच्या प्रक्षेपकाकडे तोंड करून उभा असे. वारा सुटला की तो फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. एक भाऊ माळवदावर, दुसरा दारात, आणि “दिसतंय का?” “थोडं डावीकडे!” असा पुकारा साऱ्या आळीस ऐकू जाई. त्या जुन्या पद्धतीत एक गुण होता. चित्र हळूहळू खराब होई, मुंग्यांतूनही माणसे ओळखू येत, आणि अँटेना कोणत्या बाजूस फिरविल्याने सुधारणा होते हे तत्काळ कळे. आजच्या अंकीय पद्धतीत संदेश पुरेसा असेतोवर चित्र लख्ख दिसते, आणि त्या मर्यादेखाली गेला की एकदम नाहीसे होते. कड्यावरून पाऊल घसरावे तसे. म्हणून अंदाजाने छत्री फिरविणाऱ्यास आपण जवळ आलो की लांब गेलो हे समजत नाही. आपल्या देशातील त्या जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक 2022 पर्यंत बंद झाले, पण अँटेना फिरविण्याची ती सवय मात्र हातांत राहिली आहे.

आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील काही खेड्यांनी उपग्रहाचे चित्र फार पूर्वी पाहिले होते. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 ह्या वर्षात अमेरिकेकडून मागून घेतलेल्या एका उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांस कार्यक्रम दाखविण्यात आले; त्यांत विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. तेव्हाची छत्री तारेच्या जाळीची व सुमारे दहा फुटांची असे. वर्ष सरले, आणि उपग्रहही परत गेला.

त्यानंतर भारताने स्वतःसाठी बनवून घेतलेला इन्सॅट-1अ हा उपग्रह 10 एप्रिल 1982 रोजी आकाशात गेला. त्याचे काही भाग नीट उघडेनात, आणि तोल सांभाळण्याकरिता ठेवलेले इंधन अवेळी संपून सप्टेंबरात तो कायमचा निकामी झाला. पुढील वर्षी ऑगस्टात इन्सॅट-1ब गेला. त्याचाही सौरपंखा अडकून बसला होता. आकाशात चढून तो फिरवावयास कोण जाणार? पृथ्वीवरून आज्ञा धाडीत, धीर धरीत, शास्त्रज्ञांनी सप्टेंबरात तो उघडविला, आणि त्या उपग्रहाने पुढे अनेक वर्षे देशास चित्रे पुरविली.

खुद्द दालनातही दिवा विझू शकतो. लंडन येथे 20 एप्रिल 1964 रोजी बी.बी.सी.ची दुसरी वाहिनी मोठ्या थाटाने सुरू व्हावयाची होती. त्याच सायंकाळी एका वीजकेंद्रात आग लागून शहराचा पश्चिम भाग अंधारात बुडाला. उद्घाटनाचे कार्यक्रम बाजूस राहिले आणि दुसऱ्या इमारतीतून केवळ बातम्या सांगून वेळ निभावावी लागली. दुसऱ्या रात्री निवेदकाने पडद्यावर मेणबत्ती फुंकून विझविली व काम सुरू केले. शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला ज्यांस ठाऊक आहे त्यांस, प्रक्षेपणकेंद्रात तेलाचे जनित्र सदैव भरलेले का ठेवितात, हे निराळे सांगावयास नको.

यंत्र शाबूत असून मनुष्य चुकतो असेही होते. चंद्रावर नोव्हेंबर 1969 मध्ये उतरलेल्या दुसऱ्या तुकडीतील एका वीराने कॅमेरा हलविताना तो सूर्याकडे वळविला. त्याची नलिका भाजली आणि त्या स्वारीतील चांद्रभूमीवरील थेट चित्र तेथेच संपले. आपल्या दूरदर्शनवर सप्टेंबर 2014 मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्या नावातील एक्स व आय ही दोन अक्षरे रोमन आकडा समजून ‘अकरा जिनपिंग’ असे वाचले गेले, आणि वाचणाऱ्या व्यक्तीस काम गमवावे लागले. आम्हांस ती शिक्षा जड वाटते. वर्गात फळ्यावर चूक झाली तर आम्हांस ती पुसता येते. थेट प्रक्षेपणात उच्चारलेला शब्द पुसता येत नाही, आणि कोणी नीट तपासून न दिलेला कागद ऐन वेळी हाती येतो. कोलकात्याच्या केंद्रात एप्रिल 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेची बातमी सांगत असतानाच निवेदिकेस घेरी आली. दालन थंड ठेवणारे यंत्र नीट चालत नव्हते.

एका गोष्टीस मात्र आपण उगाच चूक समजतो. निवेदकाने प्रश्न विचारला की दूरचा वार्ताहर क्षणभर नुसता पाहत उभा राहतो व मुले हसतात. उपग्रहावर जाऊन खाली येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तर परत यावयास पुन्हा तितकाच. त्याला प्रश्न अजून पोहोचलेलाच नसतो.

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे बिघाड झाला की पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. पाटी पाहताच घरोघरी समजे की दोष त्यांचा आहे, आपला अँटेना ठीक आहे, आणि माणसे निमूटपणे चहाला उठत. हल्लीची पेटी मात्र पाऊस असो, तार उंदराने कुरतडलेली असो की छत्री सरकलेली असो, ‘सिग्नल नाही’ हे एकच वाक्य दाखविते. तेव्हा निवाडा आपणच करावयाचा. एकच वाहिनी गेली व इतर दिसत असल्या तर बहुधा दोष त्या वाहिनीकडचा. सर्व गेल्या आणि आभाळ भरलेले असेल तर थांबावे. आकाश स्वच्छ असून सर्व गेल्या, आणि दिवस संपाताच्या आसपासचे नसतील, तर पेटीमागची तार व छत्रीपाशी असलेला जोड आधी पाहावा. छत्रीला हात सर्वांत शेवटी.

त्या वस्तीवरील पालक अलीकडे भेटले तेव्हा म्हणाले, “सर, मी आता छत्री आणि पाईप, दोन्हींवर तांबड्या रंगाची एकच रेघ मारून ठेवली आहे. वाऱ्याने सरकली तरी रेघेला रेघ जुळवतो.” मुलगी आता आठवीत आहे, आणि पाऊस आला की वडिलांस शिडीपासून दूर ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे.