थंडीत नायट्रो आरसी कार का रुसते?

आमच्या जालन्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो आणि थंडीत पहाटे १०-१२ अंशांवर येतो. उन्हाळ्यात सुसाट पळणारी नायट्रो आरसी कार अशा पहाटे स्टार्टच होत नाही, किंवा दोन मिनिटांत बंद पडते. असं का होतं? चला, बघूया.

नायट्रो कारच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. इंजिनात वेगळं ऑइल टाकत नाहीत. वंगण इंधनातूनच मिळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. स्पार्क प्लगऐवजी ग्लो प्लग असतो. सुरुवातीला त्याची तार बॅटरीने लाल करायची, मग इंजिनाच्याच उष्णतेवर ती तापलेली राहते.

थंडीत तीन गोष्टी बदलतात:

१. मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. गार इंजिनात ती मिळत नाही.

२. हवा दाट होते. ४२ अंशांच्या तुलनेत १२ अंशांना त्याच जागेत सुमारे १० टक्के जास्त हवा मावते. नीडल तीच ठेवली तर हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणजे मिश्रण 'लीन' होतं.

३. सिलिंडरची स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम किंचित अरुंद केलेली असते. तापल्यावर ती फुगते आणि पिस्टन नीट बसतो. गार असताना पिस्टन अडकतो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो.

खरा धोका पुढे आहे. टेम्परेचर गनने मोजलं की इंजिन गार दिसतं. मग बरेच जण ते तापवायला नीडल आणखी आवळतात. पण इंधन कमी म्हणजे तेलही कमी! वरून गार दिसणारं इंजिन आतून कोरडं पडून घासतं. त्यामुळे तापमान नीडलने वाढवू नका.

मग करायचं काय?

• टाकीत इंधन भरण्याआधी हेअर ड्रायरने इंजिन कोमट करा.
• हाय-स्पीड नीडल थोडी सैल करा, एका वेळी १/८ फेरी. फुल थ्रॉटलला एक्झॉस्टमधून धुराची रेघ दिसलीच पाहिजे.
• तरीही इंजिन गार राहिलं, तर कूलिंग हेडचा थोडा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका. साधारण ९५ ते ११५ अंश सेल्सिअस ठीक.
• दुपारी ऊन चढलं की नीडल पुन्हा तपासा. तापमान आणि नीडलची सेटिंग फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या थंडीत उपयोगी पडेल.
• थंडीत रिसीव्हरची बॅटरी लवकर मान टाकते. ती फुल चार्ज करा आणि फेल-सेफ तपासा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंधन शेकोटीजवळ नेऊ नका, घरात इंजिन चालवू नका.

इंजिन तापवायला फॉइल, वाचवायला इंधन. एवढं पाळलं तर थंडीतली दाट हवा उलट जास्त ताकद देते!