ऑर्केस्ट्रात तबला

आपल्या अकोला-अमरावतीकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतली सिनेमाच्या गाण्यांची रात्र आठवते. सिंफनी ऑर्केस्ट्रा वेगळा. त्यात गायक बहुधा नसतोच. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये वाजवणारे कितीतरी वादक समोरच्या कागदावर लिहिलेले स्वर वाचून वाजवतात, एक डोळा संचालकाच्या हाताकडे ठेवून.

मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला. त्याच्यासाठी उस्ताद झाकिर हुसेन यांनी 'पेशकार' रचली. ती २०१५ मध्ये पहिल्यांदा वाजली. पेशकार म्हणजे एकल तबलावादनाची सुरुवात. एरवी ऑर्केस्ट्रात तालवाद्ये मागच्या रांगेत. इथे तबला सगळ्यांपुढे! आता गंमत बघा. तबलावादक जागेवरच बोल फुलवतो, बाकीच्यांना कागद सोडता येत नाही. मग त्याला कुठे मोकळं सोडायचं आणि सगळ्यांनी एकत्र कुठे यायचं, हे आधीच ठरवावं लागतं. मला तर हेच खरं कठीण काम वाटतं.

२०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात 'पेशकार'सोबत रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची १८८८ ची 'शेहेराझाद' होती. ओळखीच्या रचनेसाठी लोक तिकीट काढतात नं, त्यासोबत नवीनही कानावर पडतं. नुसतं नवीनच ठेवलं तर खुर्च्या रिकाम्या राहायची भीती.

वर्गात 'पेशकार' ऐकवाल तेव्हा तबला कधी सुरू झाला, हे मुलांनाच ओळखू द्या.