प्लास्टर निघाल्यानंतरचा अपघात

रस्ता अपघातात हाड किती मोडले यावरून मनाला किती धक्का बसला हे ठरत नाही. ‘आता आपण वाचत नाही’ असे त्या क्षणी किती खरे वाटले, यावर ते बरेच अवलंबून असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ जण दगावले, आठ वाचले; काही जण काच फोडून बाहेर पडले होते. अशा अपघातातून वाचलेल्याला ‘नशीब बलवत्तर’ म्हणून लोक मोकळे होतात. नुसते खरचटले असेल, तर त्याची विचारपूसही दोन दिवसांत आटोपते.

सुरुवातीला झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक असते. बहुतेकांचा हा धसका काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही तो कमी होत नसेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर आघातोत्तर तणाव विकाराची शंका घ्यावी. डिझेलचा वास आला की छाती धडधडते. चालकाशेजारी बसलेला असा माणूस, हाती स्टिअरिंग नसताना, ब्रेक दाबावा तसा पाय रोवतो. मग रात्रीची बस टळते, पुढे दिवसाचीही. टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण भीती तिथेच मुरते. सोबतचे गेले आणि आपण उरलो, ही टोचणी वेगळीच. दुखरा पाय अपघाताची आठवण देत राहतो, तर तणावाने दुखणे वाढते. डोक्याला मार लागला असेल, तर चिडचिड आणि विसरभोळेपणा मेंदूच्या इजेमुळेही असू शकतो. म्हणून तपासणी हवीच.

घडलेले सगळे लगेच वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. त्याने फायदा होत नाही, कधी अपायही होतो. विकार जडलाच, तर आठवणींना आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारी मानसोपचार पद्धत गुणकारी ठरते. गरजेनुसार औषधेही देतात. दारू किंवा मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या हा उपाय नव्हे.

मनाच्या दुखण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्याच सैलानीच्या दर्ग्याची वाट धरणारी कुटुंबे दिसतात. श्रद्धा असू द्यावी, पण डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.