आश्रमातील मुलांना घराचे धडे

किशोरवयीन मुलामुलींच्या सक्षमीकरणासाठी तयार केलेले प्रशिक्षण-साहित्य आज आपल्याकडे विपुल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली आणि तेव्हापासून निर्णयक्षमता, समस्यांची उकल, ताणतणावांचा सामना हे शब्द शिक्षकांच्या शिबिरांत रूढ झाले. युनिसेफची मीना त्याच काळात आली. केंद्र सरकारची ‘सबला’ योजना २०१० मध्ये नाशिकसह राज्याच्या निवडक जिल्ह्यांत अंगणवाडीच्या आधाराने सुरू झाली, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये आला. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेची ‘तारुण्यभान’ शिबिरे तर मराठी वाचकांना परिचित आहेतच. हे सर्व साहित्य अनाथालये, बालगृहे आणि आधारगृहे यांतील मुलांपर्यंत जावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि ते जसेच्या तसे नेऊन चालेल काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. घरात राहणारे मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला पाठ आश्रमात राहणाऱ्या मुलापुढे वाचला, तर तो निरुपयोगी ठरतो. क्वचित तो त्याला दुखावतोही.

मीनाचेच उदाहरण घ्या. तिच्या एका प्रसिद्ध गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा भावाला मिळतो, लहान वाटा तिला. मग भावाबहिणींनी एक दिवस एकमेकांची कामे करून पाहावयाची असे ठरते आणि घरातील विषमता सर्वांच्या ध्यानात येते. खेड्यातील मुलीला ही गोष्ट क्षणात पटते, कारण तिच्या घरी तेच चाललेले असते. बालगृहात मात्र वाटा मापाने मिळतो. तेथे भाऊ नाही, आजी नाही, वाढणारी आईही नाही. तेथील विषमता अन्नाच्या वाटपात नसून मोठ्या मुलांनी लहानांकडून कामे करून घेण्यात किंवा काळजीवाहकाच्या मर्जीत असू शकते. पाठाचे तत्त्व तेच ठेवून त्यातील घर काढावे आणि तेथे वसतिगृहातील खोली आणावी, हे अनुकूलन दिसते तितके सोपे नाही. मीनाच्या घरी अन्याय होतो, तो निदान आपुलकीच्या माणसांकडून होतो आणि म्हणून तो बोलून सुटतो. संस्थेत ही आपुलकी गृहीत धरता येत नाही.

या साहित्यातील स्वाध्यायांविषयी तर विशेष दक्षता हवी. ‘घरी आईवडिलांना विचारून या’, ‘आपला वंशवृक्ष काढा’, ‘आपल्या नावाची गोष्ट सांगा’ अशी वाक्ये पानोपानी असतात. बालगृहातील पुष्कळ मुले वस्तुतः पूर्णार्थाने अनाथ नसतात. कोणाची आई हयात असते, कोणाचे वडील, पण दारिद्र्य, व्यसन, आजार किंवा दुसरा विवाह यांमुळे ती संस्थेत आलेली असतात. ‘अनाथ’ हा शब्द त्यांनाही लागू होत नाही आणि ‘घरी विचारा’ ही सूचनाही. आपल्या शाळांतील शिक्षकांनी याची नोंद घ्यावयास हवी, कारण ही मुले दिवसा सर्वांबरोबर याच शाळांत बसतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये पंढरपुरास बालकाश्रम स्थापन केला. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आणि त्याच सुमाराच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुलींना आश्रय दिला. मुक्तिसदनात छापखाना चाले, विणकाम आणि शेती चाले. ‘सक्षमीकरण’ हा शब्द तेव्हा नव्हता. पण मुलीने स्वतःच्या हातांनी मिळवून खावे, ही कल्पना मात्र स्पष्ट होती. पुढे १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमापासून थेट २०१५ च्या बालन्याय अधिनियमापर्यंत राज्यसंस्थेने मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी उत्तरोत्तर स्वीकारली. ते योग्यच झाले. परंतु संरक्षणाचा व्याप वाढत गेला आणि मिळविण्याचे व खर्च करण्याचे शिक्षण त्या प्रमाणात मागे पडले, असे अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

यातील आर्थिक बाजू थोडी उलगडून सांगितली पाहिजे. किशोरांच्या प्रत्येक पुस्तिकेत ‘कुटुंबाचे अंदाजपत्रक’ असा एक पाठ असतो. सामान्य घरातील मुलगा अंदाजपत्रक हा शब्द न ऐकताही ते दररोज पाहत असतो. महिनाअखेरीस डाळ पातळ होते, दिवाळीचे कपडे एकाला मिळाले तर दुसऱ्याला पुढल्या वर्षी मिळतात, वाण्याच्या वहीत बाकी चढते. टंचाई आणि निवड ही अर्थशास्त्राची पहिली दोन तत्त्वे तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शिकतो. संस्थेतील मुलाला साबण मिळतो, गणवेश मिळतो, जेवण मिळते. कधी कमी, कधी बरे. पण त्यातील एकाही वस्तूची किंमत त्याला ठाऊक नसते आणि निवड करण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. टंचाई तेथेही असतेच, पण ती अधीक्षकांच्या कार्यालयातील फायलीत राहते. असा मुलगा अठराव्या वर्षी बाहेर पडला आणि पहिला पगार आठ दिवसांत उडवून बसला, तर त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून या पाठाचे अनुकूलन फळ्यावर आकडे मांडून होणार नाही. मुलाच्या हाती थोडे पैसे यावे लागतील. रक्कम अल्प असो, पण ती नियमित आणि त्याची स्वतःची असावी. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात चौघा-पाचांच्या गटाने जाऊन आठवड्याची भाजी घ्यावी, भाव करावा, फसावे आणि परत येऊन हिशेब लिहावा. संस्थेचा किराणा किती लागतो, गॅस किती जातो, विजेचे बिल किती येते, हे मोठ्या मुलांना दाखविण्यात लपविण्यासारखे काय आहे? दहा वर्षांवरील मुलाला टपाल खात्यात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. ते उघडताना फॉर्म त्यानेच भरावा. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थबकेल. नेमके तेथेच प्रशिक्षकाने बाजूला बसावयास हवे, कारण पुढे आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर तो रकाना त्याची वाट पाहत असणार आहे.

आता सुरक्षिततेच्या पाठाकडे वळू. ‘नाही म्हणा, तेथून निघून जा, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा’ अशी त्रिसूत्री सर्वत्र शिकविली जाते. निघून जावयाचे कोठे? आणि विश्वासाचे मोठे माणूस संस्थेतलेच आणि त्रास देणाराही संस्थेतलाच असेल तर? बिहारातील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील भीषण प्रकार २०१८ मध्ये उघड झाला, तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या बाहेरून आलेल्या पाहणी-पथकामुळे. त्यावरून एवढे तरी शिकावे की तक्रारीची वाट संस्थेच्या भिंतीबाहेर जाणारी हवी. बालगृहातील सूचनापेटीची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, मुलांच्या समित्या वयोगटांप्रमाणे असाव्यात, अशा तरतुदी २०१६ च्या नियमांत आहेत. मुलांना पाठ द्यावयाचा तो या तरतुदींचा. बालकल्याण समिती कोठे बसते, तिच्यापुढे मुलाला स्वतः बोलता येते काय, १०९८ हा क्रमांक कोणत्या दूरध्वनीवरून लावावयाचा, हे त्याला नेमकेपणाने सांगितले पाहिजे. शरीरधर्माच्या शिक्षणाविषयीही असेच. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणास राज्यात विरोध झाला आणि ते थांबले. त्या वादात ‘हे सांगणे घराचे काम आहे’ असे म्हणणारे पुष्कळ होते. ज्यांना घरच नाही, त्यांना कोणी सांगावयाचे, हे त्या वादात कोणाला सुचले नाही!

यशस्वी प्रयोगांची उदाहरणे आपल्याजवळ आहेत, पण ती कशामुळे यशस्वी झाली हे पाहावे लागते. मराठवाड्यात पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम चालविला. रोज संध्याकाळी एक तास, असा सुमारे वर्षभर. शिकविणाऱ्या होत्या गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या स्त्रिया. मुलींच्या विवाहाचे वय त्यामुळे वाढल्याचे आढळले. यात पालकांना सोबत घेतले होते, ही गोष्ट महत्त्वाची. आश्रमात पालकांच्या जागी अधीक्षक, काळजीवाहक आणि स्वयंपाकीण आहेत. तेव्हा पहिले प्रशिक्षण त्यांचे व्हावयास हवे. मात्र मुलांचे वर्ग त्यांनी घेऊ नयेत. ज्याच्या हाती शिक्षा आहे, त्याच्यासमोर मूल मन मोकळे करीत नाही.

शिवाय गावातली मुलगी वर्ग संपल्यावर घरी जाते. बालगृहातल्या चाळीस मुली एकाच दालनात झोपतात. सायंकाळी एकीने सांगितलेली गोष्ट रात्री सर्वांच्या तोंडी होते. म्हणून ‘स्वतःचा अनुभव सांगा’ यापेक्षा ‘या गोष्टीतल्या मुलीने काय करावे’ अशी मांडणी येथे इष्ट होय. आणखी एक अडचण प्रत्यक्षात मोठी ठरते. समितीच्या आदेशाने मुले वर्षभर येतात आणि जातात. तीस पाठांची एकापुढे एक जोडलेली मालिका येथे टिकत नाही. प्रत्येक पाठ स्वतंत्रपणे पुरा झाला पाहिजे. असे साहित्य मराठीत रचण्यासाठी फार दूर जावयास नको. ज्याला स्वतःच वाचून शिकावयाचे आहे, अशा विद्यार्थ्यासाठी पुस्तके लिहिण्याचा अनुभव यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठापाशी आहे आणि समाजकार्याचे महाविद्यालयही नाशकात आहे. उंटवाडीच्या बालगृहासारख्या संस्था शहरातच असताना ही मंडळी एकत्र का बसत नाहीत?

याची निकड कोविडनंतर वाढली आहे. ज्या मुलांचे दोन्ही पालक त्या साथीत गेले, त्यांच्या नावे २०२१ मध्ये राज्य शासनाने पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचे ठरविले. केंद्राच्या योजनेत तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळावयाचे आहेत. त्यांतील बहुतेक मुले नातेवाइकांकडे आहेत. त्या वेळी तेरा-चौदा वर्षांची असलेली मुले आता सज्ञान झाली आहेत किंवा होत आहेत. रक्कम येणार, हे काकांना, मामांना आणि विमा-एजंटाला ठाऊक आहे. मुदत ठेव आणि चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी समजावून दिले आहे काय?

आश्रमातून बाहेर पडणाऱ्यांसाठीही तरतुदी आहेत. अठराव्या वर्षानंतर एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत अनुरक्षणाची सोय नियमांत आहे. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा चार हजार रुपये आहेत. राज्याने २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण दिले आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि त्याचा प्रस्ताव महिला व बालविकास खात्यामार्फत जातो. संस्था सोडल्यावर जुनी नोंदवही, प्रवेशाचा आदेश आणि जन्माचा दाखला मिळविणे किती कठीण असते, हे कार्यालयात काम करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. तेव्हा सोळाव्या वर्षीच एक पाठ या प्रमाणपत्राचा असावा. अर्ज मुलाने स्वतः लिहावा, कागद स्वतः जोडावेत आणि पोचपावतीची एक प्रत त्याच्या स्वतःच्या पेटीत राहावी.