लावणीच्या आधी ॲडमिशनचे कागद : बारावीनंतरच्या कॉलेजचा हिशोब असा मांडा

भोर/वेल्हे : बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा कोर्सच्या ॲडमिशनच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात. नेमकी तेव्हाच आपल्याकडं भाताची लावणी असते. घरातली मोठी माणसं खाचरात, आणि पोरगं मोबाईलवर तारखा बघत बसलेलं. अशात एखादा दाखला कमी पडला की मिळालेली जागा जाते, नाहीतर फीची सवलत जाते. मार्क असूनही नुकसान होतं. हे टाळायचं तर कागद आणि पैशाचा हिशोब लावणीच्या आधी उरकायला हवा.

आधी कागद

उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला हे सगळे तहसील कार्यालयातून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून निघतात. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून तो १ एप्रिलनंतर काढावा. निकालाची वाट बघू नका. निकालानंतर सगळा तालुका एकाच खिडकीवर येतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो जात पडताळणीला. राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला प्रवेश घ्यायचा तर हे प्रमाणपत्र लागतंच. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले आणि जुन्या नोंदी शोधायला महिने जातात. त्यामुळं सायन्सच्या मुलांनी अकरावीतच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करावा.

आधार, दहावीचं मार्कशीट आणि बँक पासबुक यावरचं नाव एकसारखं आहे का ते आजच तपासा. मुलाच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, कारण महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. आणि फॉर्मवर नंबर आपलाच टाका. कॅफेवाल्याचा टाकला तर ओटीपीसाठी दरवेळी त्याच्याकडं पळावं लागतं.

फी किती माफ होते?

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक कोर्सच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना ती मिळते. याच घरांतल्या मुलांना शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप वेगळी आहे.

पण दोन अटी नीट ध्यानात ठेवा. प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत नाही. आणि माफी होते ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. डेव्हलपमेंट फी, कॉलेज बस, हॉस्टेल यांचा खर्च घरावरच येतो.

फीपेक्षा राहणं महाग

एक उदाहरण घेऊ. समजा कॉलेजची वर्षाची फी १ लाख आहे. त्यात ८५ हजार शिक्षण शुल्क आणि १५ हजार डेव्हलपमेंट फी. सवलत मिळालेल्या मुलाला ४२,५०० अधिक १५,००० म्हणजे ५७,५०० रुपये भरावे लागतील. मुलीला १५,०००.

आता पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला ७ हजार धरा. दहा महिन्यांचे झाले ७० हजार. म्हणजे मुलाचे वर्षाला १,२७,५०० आणि चार वर्षांचे ५ लाख १० हजार. मुलीचे वर्षाला ८५ हजार, चार वर्षांचे ३ लाख ४० हजार. मुलीच्या बाबतीत तर कॉलेजपेक्षा राहण्याचाच खर्च कितीतरी मोठा आहे. म्हणून 'पोरीची फी माफ आहे' एवढ्यावर निर्णय घेऊ नका, आणि पैसे नाहीत म्हणून तिला घरीही बसवू नका. सोय शोधा.

भोर शहरापासून स्वारगेट साधारण पन्नास किलोमीटर. महामार्गाजवळच्या नसरापूर, कापूरहोळ भागातून रोजचं येणं-जाणं जमतं, विद्यार्थी पासमुळं ते स्वस्तही पडतं. केळद किंवा हिर्डोशी खोऱ्यातून ते जमणार नाही.

राहण्याची सोय

- पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. अर्ज महाडीबीटीवर.
- स्वाधार योजना अनुसूचित जातीसाठी, स्वयंम योजना अनुसूचित जमातीसाठी, आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना जेवण आणि खोलीसाठी पैसे खात्यात येतात.
- विद्यार्थी साहाय्यक समिती, पुणे : अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली संस्था. गावाकडच्या गरजू मुला-मुलींची राहण्या-जेवणाची सोय इथं कमी खर्चात होते.
- सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना. ज्या कॉलेजात ती आहे तिथं काम करून हातखर्च निघतो.

कॉलेज पारखताना

जाहिरातीचा बोर्ड बघून जाऊ नका. कोर्सला मान्यता कुणाची, कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं, हे विचारा. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाईटवर दिसते. डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मूळ मार्कशीट, दाखले तपासून झाले की परत मागा, ते ठेवून घ्यायचा अधिकार कॉलेजला नाही.

कॅपच्या फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं तर तोच प्रवेश पक्का धरतात. म्हणून परवडणारं आणि खरंच पाहिजे असलेलं कॉलेजच वर टाका.

सगळ्यांनी पुण्याकडंच पळायला पाहिजे असंही नाही. भोरला पदवी कॉलेज आहे, धांगवडीला इंजिनिअरिंग आहे, शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे. दहावीनंतर डिप्लोमा केला तर पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, एका वर्षाचा खर्चही वाचतो.

जमीन विकण्याआधी बँकेत जा

आपल्या भागात पैशाची गरज पडली की आधी गुंठे निघतात. गेलेली जमीन परत येत नाही. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि पत हमी योजनेत बसलं तर साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय मिळतं. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. यादीतल्या निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर तिच्यातून व्याजाला सवलत आहे. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात. पण मधल्या काळातलं व्याज चढत राहतं, हे विचारून घ्या.

घरात यंदा अकरावी-बारावीचं पोर असेल तर एका कागदावर तीन रकाने आखा : कोणते दाखले झाले, सवलत जाऊन फी किती उरते, राहण्याचा खर्च किती. तो कागद मे अखेरपर्यंत भरलेला असला पाहिजे. आणि सवलतीचा अर्ज एकदा भरून भागत नाही, दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, तेवढं विसरू नका.