नळदुर्गचा पाणीमहाल

मकाव शहरात एक अतिशय उंच मनोरा आहे. पायांना लवचीक दोर बांधून २३३ मीटर उंचीवरून स्वतःला खाली झोकून देण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी तेथे जातात आणि त्याकरिता भरपूर पैसेही मोजतात. भय तर वाटावे, परंतु अपाय होऊ नये, अशी ही माणसाची विचित्र हौस! ती केवळ आजची मात्र नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात तिची सोय चारशे वर्षांपूर्वीच झालेली आहे.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राजमार्गावर, तुळजापूर तालुक्यात हा किल्ला लागतो. त्याच्या तटालगत बोरी नदी वाहते. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हा लहान किल्ला यांच्यामध्ये काळ्या दगडांचा भक्कम बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे नदीचे पाणी अडले आणि शत्रूची वाटही अडली. येथवरचे काम युद्धाच्या गरजेचे होते. परंतु बांधणाऱ्यांनी त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल ठेवला. त्याची युद्धात काय गरज होती?

माथ्यावरून अरुंद पायऱ्या उतरत आत जावे लागते. पावसाळ्यात वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले, की बंधाऱ्यावर ठेवलेल्या दोन वाटांनी पाणी खाली कोसळते. या धबधब्यांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. महालाच्या गवाक्षाशी उभे राहावे, तो समोर पाण्याचा शुभ्र पडदा! कानठळ्या बसतात, आता हे पाणी अंगावर येणार असे वाटते. पण येतात ते केवळ तुषार. वेगाने सुटलेले पाणी भिंतीला धरून न उतरता पुढे झेपावते, आणि मागे महाल कोरडा राहतो.

खरे धाडस पाहणाऱ्याचे नव्हे, बांधणाऱ्याचे होय. पाठीमागे अडलेल्या पाण्याचा प्रचंड भार असताना भिंतीत पोकळी ठेवायची, तर भिंतीची जाडी आणि दगडांची सांधणी यांविषयी मनात तिळमात्र शंका असून चालत नाही. पुढे १८५३ नंतर काही वर्षे मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याविषयी लिहिले आहे.

बंधारा भक्कम असला, तरी शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरण्याची हमी कोणत्याही कारागिराने दिलेली नाही! कठड्यावर चढणाऱ्या उतावळ्यांना याचा विसर पडतो.

हा मुलूख कमी पावसाचा. पावसाने ओढ दिली, तर नर आणि मादी वर्षभर मुके राहतात. मग गवाक्षातून दिसतात ते केवळ कोरडे काळे खडक आणि बोरीचे रिकामे पात्र.