इंग्रजीचे अलंकार आपल्याच ओसरीवर

परीक्षा जवळ आली की पुष्कळ घरांत एकच चित्र दिसते. मुलगी ओसरीवर बसून 'सिमिली, मेटाफर, पर्सनिफिकेशन' असे घोकत असते. वडील बैल दावणीला बांधून येतात, क्षणभर ऐकतात आणि 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून आत जातात. पालकहो, इथेच चूक होते. त्या शब्दांमागचा अर्थ आपल्याला चांगला कळतो. ठाऊक नसते ते फक्त नाव.

दहावी-बारावीच्या इंग्रजीत कवितेतला अलंकार ओळखून तो स्पष्ट करायचा असतो. मुलांचे नाव पाठ असते, पण स्पष्टीकरण येत नाही. इंग्रजीत गाडी अडली की शिक्षण थांबते, आणि मुलीच्या बाबतीत तर लगेच लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून रोज दहा मिनिटे मुलांजवळ बसावे.

आपले बोलणे, त्यांची नावे

'यंदा पाऊस रुसला' असे आपण म्हणतो. रुसणे हा माणसाचा गुण आपण पावसाला दिला, हेच पर्सनिफिकेशन, मराठीत चेतनगुणोक्ती. 'पोरगं वाघासारखं धावलं' ही सिमिली, म्हणजे उपमा. इंग्रजीत तिथे 'लाइक' किंवा 'ॲज' हा शब्द येतो. 'जमीन आमची आई' यात 'सारखी' हा शब्दच नाही. जमीन आईच झाली. हा मेटाफर, आपले रूपक. या शब्दाचे ग्रीक मूळ 'पलीकडे वाहून नेणे' असे आहे. आईची माया वाहून आणून आपण जमिनीवर ठेवली! 'डोंगराएवढं कर्ज' ही अतिशयोक्ती. इंग्रजी स्पेलिंग पाहून मुले 'हायपरबोल' म्हणतात, पण उच्चार 'हायपर्बली' असा आहे. उसाची सळसळ, पाटाची खळखळ हे ओनोमॅटोपिया, म्हणजे आवाजावरून झालेले शब्द.

दोन फसव्या जागा

'लाइक' दिसला की सिमिली, असे समजू नये. 'आय लाइक मँगोज' यात 'लाइक' म्हणजे आवडणे. तसेच 'हा बैल त्या बैलासारखा' ही उपमा नव्हे. उपमेत दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात.

ॲलिटरेशन, म्हणजे अनुप्रास, कानाने ओळखावा. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी' अक्षराने लिहितात, पण त्यांचे आवाज वेगळे. 'काइट' 'के'ने लिहितात, तरी त्याचा आवाज 'कॅट'शी जुळतो.

वाचावे कसे, लिहावे कसे

कविता तीनदा वाचावी. पहिल्यांदा मोठ्याने, न थांबता. दुसऱ्यांदा अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. आधी मागच्या-पुढच्या शब्दांवरून अर्थाचा अंदाज घ्यावा, मग शब्दकोश उघडावा. अलंकार तिसऱ्या वाचनात शोधावा. कणीस भरण्याआधी मळणी घालून दाणा मिळत नाही.

उत्तर तीन वाक्यांत बसते. 'द फील्ड इज लाइक अ ग्रीन सारी' ही ओळ घ्या. पहिल्या वाक्यात अलंकाराचे नाव. दुसऱ्यात कशाची तुलना कशाशी केली ते: शेताची हिरव्या साडीशी. तिसऱ्यात त्यातून काय साधले ते: पिकाचा रंग आणि भुईची शोभा एकदम डोळ्यांपुढे येते. हे तिसरे वाक्य गाइडमधून पाठ होत नाही. ते स्वतःच सुचावे लागते.

ते सुचण्यासाठी रोज झोपण्यापूर्वी दिवसभराच्या कामावर पाच इंग्रजी वाक्ये लिहावीत आणि त्यांत एक उपमा स्वतःची घालावी. चुका होतील, त्या दुसऱ्या दिवशी गुरुजींकडून दुरुस्त करून घ्याव्यात. चुकेल या भीतीने पान कोरे ठेवू नये.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचलेल्या कविता मुलगा सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवल्या, आणि १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. अलंकारांची इंग्रजी नावे त्यांना कुणी शिकवली नव्हती, तरी त्यांची कविता उपमा-रूपकांनी भरलेली आहे.

तेव्हा आज संध्याकाळी आत निघून जाऊ नका. ओसरीवर बसा आणि मुलीला विचारा, "बाळ, पाऊस रुसला, याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात?"